लंबकाचा नेम

३ मार्च

कंपनीच्या डॉक्टरांनी आज रक्तदाब तपासला, भुवया वर केल्या आणि विचारलं, घरी कुणावर ओरडता का. मी म्हटलं, घरी नाही, स्क्रीनवर. त्यांना ते काही झेपलं नाही. म्हणाले, राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहायचं, आणि दहापैकी किती आला तो आकडाही टाकायचा. महिन्यानं वही घेऊन यायचं. तर ही वही. लेकीच्या भूगोलाची आहे, मागची पानं कोरी होती.

आजचा राग नऊ. कारण, हॅकर.

डॉक्टर वाचणार म्हणून नीट सांगतो. मी आणि माझी ताई रोज संध्याकाळी सहा ते सात एक ऑनलाइन गेम खेळतो. दोघांची जोडी विरुद्ध दोघांची जोडी. एक पडीक बंदर असतं, कंटेनरांच्या मागे लपायचं आणि समोरच्याला आधी टिपायचं. ताई दुसऱ्या गावात राहते, बसनं चार तास. नऊ वर्षं झाली, आजारपण आणि वीज जाणं सोडलं तर आम्ही हा तास चुकवलेला नाही. ती छप्पन्नची, मी चव्वेचाळीसचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईनंच मला वाढवलं, शिकवलं, धपाटे घातले, आणि पुढे बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकानही तिनंच चालवलं. म्हणून गेममध्ये तिचं नाव लंबक. माझं मुंगळा. तेही तिनंच लहानपणी ठेवलेलं, एकदा चावलो की सोडत नाही म्हणून.

आज समोरच्या एकानं मला लोखंडी कंटेनरच्या आरपार मारलं. मी हललो नव्हतो, खोकलो नव्हतो, तरी त्याला कळलं. हे लोक एक सॉफ्टवेअर लावतात. कुणाला भिंतीपलीकडचं दिसतं, कुणाचा नेम आपोआप लागतो, माणसानं फक्त बटण दाबायचं. मी टेबलावर मूठ आपटली, चहा कीबोर्डवर सांडला. बायको आतून म्हणाली, "खेळतोयस की भांडतोयस?" मी म्हटलं, दोन्ही.

५ मार्च

राग सात. त्यातले चार हॅकरवर, तीन ताईवर.

ताईचा नेम दोन-तीन महिन्यांपासून पार गेलाय. समोर माणूस उभा, जागचा हलत नाही, आणि हिच्या गोळ्या त्याच्या डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, डोक्यावरून. मी म्हटलं, "ताई, तू गोळ्या झाडतेस की पाणी शिंपडतेस?" ती हसली. तिसरी मॅच हरल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "असंच खेळायचं असेल तर सांग, मी दुसरा जोडीदार बघतो."

हे आपलं बोलण्यात बोललो. नऊ वर्षांत शंभरदा तरी बोललो असेन. ती "बघ बाबा" म्हणाली आणि सात वाजायच्या दहा मिनिटं आधीच निघून गेली. हल्ली तिला पटकन राग येतो. वही तिला द्यायला हवी.

८ मार्च

ताईचा माउस बिघडलाय म्हणे. तीन दिवस येणार नाही. हेही तिनं लिहून कळवलं नाही, बोलून पाठवलं. हल्ली सगळं बोलूनच पाठवते, दोन अक्षरं टाइप करायचा कंटाळा. मी अनोळखी माणसाबरोबर जोडी लावून खेळलो. त्यानं मला अशी एक शिवी दिली की ती मला लेकीला विचारावी लागली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही हा शब्द पुन्हा उच्चारू नका."

सहा ते सात काय करावं कळेना. गॅलरीत गेलो, आत आलो, फ्रिज उघडला, बंद केला. बायको म्हणाली, एका जागी बस, मला गरगरतंय.

११ मार्च

राग शून्य. डॉक्टर, हे पान आधी वाचा.

ताई परत आली आणि काय खेळली. पहिल्याच मॅचमध्ये नऊ टिपले. एकाला तर पळताना, इतक्या लांबून, की मला तो नीट दिसतही नव्हता. मी किंचाळलो, या वेळी आनंदानं. म्हटलं, "काय खाल्लंस?" ती म्हणाली, "नवा माउस घेतलाय." बाकी फार बोलली नाही. एरवी अखंड तोंड चालू असतं, अमक्याचं घड्याळ, तमक्याची सून. आज गप्प. लक्ष लागलं की माणूस गप्पच असतो. माझी जुनी ताई परत आली.

१५ मार्च

चौदा मॅच झाल्या, बारा जिंकल्या. हंगाम एकतीस तारखेला संपतो. पहिल्या शंभर जोड्यांना सोनेरी चौकट मिळते, नावाभोवती. चौकटीचा उपयोग काही नाही, पण नऊ वर्षांत आम्हाला ती कधी मिळालेली नाही. आज आम्ही एकशे तिसाव्या क्रमांकावर आहोत.

आणि आता आडवी आली आहे ‘बर्फ’ नावाची जोडी. बर्फ एक आणि बर्फ दोन. दोनदा त्यांच्याशी गाठ पडली, दोनदा त्यांनी आम्हाला झोपवलं. बर्फ दोन सरळसरळ हॅकर आहे. मी रिपोर्टचं बटण दाबलं. आतापर्यंत चाळीस जणांचे रिपोर्ट केले असतील मी, मोजून एकाचं उत्तर आलं, तेही "आपल्या सहकार्याबद्दल आभार". राग आठ.

ताई म्हणाली, "जाऊ दे ना रे, खेळू आपण." मी म्हटलं, जाऊ दे कसं? आपण इमानानं खेळायचं आणि यांनी यंत्र लावून मारायचं? ती म्हणाली, "गोळ्या संपल्या माझ्या, तू पुढे हो."

१८ मार्च

लेकीचा वाढदिवस. दर वर्षी ताईचं पत्र येतं, मुंगीएवढ्या अक्षरात चार पानं, भिंग लावून वाचायचं. घड्याळाच्या आतल्या झाकणावर दुरुस्तीची तारीख कोरून कोरून तिचं अक्षर तसं झालंय. या वर्षी पत्र नाही. बोलून पाठवलेला निरोप आला. लेकीनं तोंड एवढंसं केलं.

मग व्हिडिओ कॉल केला. ताईनं केस पार कापलेत, मानेवर. कमरेपर्यंतची वेणी होती. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, विंचरायचा, घालायचा कंटाळा आला. फोनही हातात धरला नव्हता, कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे निम्मा वेळ आम्हाला छतच दिसत होतं. दुकानाचं विचारलं तर म्हणाली, दुरुस्ती जवळजवळ बंदच केली, एक कारागीर ठेवलाय, तो सेल आणि पट्टे बदलतो. लोकच आता चांगली घड्याळं वापरत नाहीत, त्याला ती तरी काय करणार.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "ताईंना तू शेवटचं भेटलास कधी?" मी म्हटलं, रोज भेटतो. ती म्हणाली, "तसं नाही." आठवून पाहिलं. दोन वर्षं होतील.

२२ मार्च, रविवार

आज दिवसभर बसून कामाचं केलं. कामाचं म्हणजे माझ्या मते.

मी बाटल्या तपासतो, हे डॉक्टरांना माहीत आहे. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या जातात, मी बघतो. वीस मिनिटं बघायचं, मग डोळ्यांना विश्रांती, मग पुन्हा वीस मिनिटं. बुडबुडा, तडा, वाकडी मान, पातळ बूड. एकवीस वर्षं झाली. म्हणून म्हटलं, बटण दाबून उपयोग नाही, रीतसर तपासणी करू. गेममध्ये झालेल्या प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग मिळतं, चौघांपैकी कुणाच्याही नजरेतून बघता येतं, हवं तितकं सावकाश. बर्फ दोनच्या नजरेतून सहा मॅच बघितल्या, एकेक चित्र पुढे सरकवत.

आणि सापडलं. माणूस नेम धरतो तेव्हा तो नेमका लक्ष्यावर थांबत नाही. जरा पुढे जातो, मग मागे येतो, केसभर का होईना. हात म्हटला की तो तसाच वागणार. यंत्र मात्र सरळ रेषेत जातं आणि खिळा ठोकल्यासारखं थांबतं. बर्फ दोन खिळा ठोकल्यासारखा थांबतो. दर वेळी. मी चौतीस वेळा मोजलं.

बर्फवर गोळी झाडताना आमची ताई मध्येच चित्रात आली होती, तेवढं मुद्दाम तिच्या नजरेतून दोनदा बघितलं. काय तिचा नेम. गेला तो थेट डोक्यावर, थांबला, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. याला म्हणतात घड्याळजीचा हात. बायकोला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग भाजी करपेल म्हणून गेली.

२५ मार्च

तक्रार पाठवली. सतरा ओळी, सहा रेकॉर्डिंग, वेळा लिहून.

अर्जाच्या शेवटी दोन पर्याय होते. ‘फक्त या खेळाडूची तपासणी करा’ आणि ‘संपूर्ण मॅचची तपासणी करा’. लोक पहिला निवडत असतील. आमच्या कारखान्यात तसं चालत नाही. एक बाटली सदोष निघाली की ती एकटी बाजूला काढून भागत नाही, आख्खा लॉट थांबवतात, शेवटच्या चांगल्या तपासणीपासून पुढची प्रत्येक बाटली पुन्हा दिव्यासमोर येते. मी दुसरा पर्याय निवडला. ‘बर्फ एक’सुद्धा सुटता कामा नये.

सहाला ताईला सांगितलं. मग ती म्हणाली, "सगळी मॅच कशाला दिलीस?"

मी म्हटलं, पद्धत आहे.

"परत घेता येते का तक्रार?"

"का म्हणून परत घ्यायची?"

ती म्हणाली, "काही नाही. मन लावून केलंयस हं, मुंगळ्या." मग आम्ही दोन मॅच खेळलो आणि दोन्ही जिंकलो. एकशे चार. शेवटी ती म्हणाली, अजून एक खेळू या का. सात वाजून गेले होते, पण खेळलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा साडेसात झाले.

२८ मार्च

दुपारी दोनला निरोप आला. बर्फ एक आणि बर्फ दोन, दोघंही कायमचे बाहेर. मी कँटीनमध्ये उभा राहून टाळी वाजवली, सगळे बघायला लागले.

सहाला बसलो, ताई नाही. सव्वासहा, नाही. तिचं नाव उघडून पाहिलं. लंबक. खाली लाल अक्षरात, ‘फसवणुकीमुळे खाते कायमचे बंद’.

राग बारा. दहापैकी बारा. गाढवं बसवली आहेत तपासायला. त्यांच्या यंत्रानं चांगल्या बाटल्यांबरोबर फुटक्या, नाही, फुटक्यांबरोबर चांगल्या, मला नीट लिहिताही येत नाहीये. ताईला फोन केला, पाच वेळा. उचलला नाही. लाजली असणार बिचारी. उद्या रविवार. तिचं रेकॉर्डिंग काढतो, एकेक चित्र लावतो आणि त्यांच्या नाकावर टिच्चून सिद्ध करतो.

२९ मार्च

बघितलं.

सकाळी नऊला सुरू केलं, बारापर्यंत बघितलं. तिच्या नजरेतून.

सरळ रेषेत जातो आणि खिळा ठोकल्यासारखा थांबतो. दर वेळी. अकरा तारखेपासून प्रत्येक मॅच. मला मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं.

फसवलं मला. हॅकरच्या नावानं मी तिच्यासमोर रोज शंख करतोय आणि ही ऐकून घेतेय. "तू पुढे हो" म्हणतेय. चौकटीसाठी? जी मला हवी होती, तिला कधी नकोच होती? राग किती ते लिहीत नाही. निरोप पाठवला तिला. जे लिहिलं ते इथे उतरवत नाही, डॉक्टर.

बायकोनं स्क्रीन बघितली. मी तिला खिळ्याचं दाखवत होतो, ती भलतंच बघत होती. म्हणाली, "हे थांबतं ते कळलं. पण मधल्या वेळात हे असं का हलतंय?" खरंच, समोर कुणी नसतं तेव्हा तिचा नेम नुसता लटलटतो. भिंतीवर, जमिनीवर, सारखा. मी म्हटलं, नेटचा प्रॉब्लेम. बायको म्हणाली, "जुन्या मॅच बघ." फेब्रुवारीतली लावली. तीच लटलट, आणि गोळ्या डाव्या अंगानं, उजव्या अंगानं. मागच्या ऑक्टोबरमधली लावली, थोडी कमी. दोन वर्षांपूर्वीची लावली, त्यात नाही.

बायको म्हणाली, "फोन करू नकोस. जाऊन ये." मी म्हटलं, जाणारच आहे, तोंडावर विचारणार आहे. ती म्हणाली, "बरं. विचार."

३१ मार्च

रजा टाकली, सकाळच्या बसनं गेलो. चार तास मनात भाषण घोळवत होतो. पहिलं वाक्य होतं, "तू मला इमान शिकवलंस ना?"

ताईनं दार उघडलं. गळ्यातून घालायचा सैल अंगरखा, एकही बटण नाही. "ये, निरोप ऐकला तुझा. फोनमधल्या यंत्रानं वाचून दाखवला, त्यामुळे शिव्या फारच सभ्य वाटल्या." मग पाणी आणायला गेली. दोन्ही हातांनी पेला धरून आली, निम्माच भरलेला, तरी तिच्या पावलांमागे फरशीवर थेंब पडत आले. मी पेला घेतला. भाषणातलं एक अक्षर आठवेना.

दीड वर्ष झालं म्हणाली. मज्जातंतूंचं आहे, जिवाला धोका नाही, फक्त हात ऐकत नाहीत. एका मनगटी घड्याळाचा स्क्रू बसवायला तिला एक आख्खी दुपार लागली, त्या दिवशी तिनं भिंग काढून ठेवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस? माझ्यासाठी सावकाश खेळला असतास. हरलो तरी एक शब्द बोलला नसतास. ते मला नको होतं."

"म्हणून यंत्र लावलंस?"

"तू म्हणालास ना, दुसरा जोडीदार बघतो." चेष्टेतच म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. "तीन दिवस शोधलं मी ते. चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत, हे काय अवघड? मला चौकट नको होती रे. दुकान गेलं, वेणी गेली, पत्र गेलं. सहाला तू हेडफोनमधून ओरडतोस तेवढंच उरलं होतं."

मी रडलो. लिहायला लाज वाटतेय, पण रडलो, आणि ती डोळे पुसायला आली तर तिचा पदर, पदर नव्हता, बाहीच माझ्या नाकात गेली. दोघं हसलो.

मग मी म्हटलं, गेमच्या कंपनीला लिहितो. हाताचं सांगतो, डॉक्टरचा कागद जोडतो, खातं परत मिळेल. ताई एकदम माझी लहानपणीची ताई झाली. म्हणाली, "काही लिहायचं नाही. बरोबर केलं त्यांनी. मी ज्यांना हरवलं ती पोरं इमानानंच खेळत होती. त्यांनीही कुठेतरी मूठ आपटली असेल, चहा सांडला असेल. तू माझा भाऊ म्हणून माझी बाटली चांगली ठरते का?"

बसमध्ये परत येताना ते चाळीस जण डोक्यात आले, ज्यांचे रिपोर्ट केले. त्यातल्या एखाद्याचा हात. मग वाटलं, नाही, बहुतेक हरामखोरच असतील. पण एखाद्याचा. खिडकीशी बसलो होतो, तिथून उठून पुढे बसलो, मग पुन्हा मागे. कंडक्टर म्हणाला, साहेब, एक काय ते ठरवा.

हंगाम आज संपला. चौकट लागली की नाही ते पाहिलं नाही.

३ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. वही मागितली. घरी राहिली म्हटलं. पिशवीतच होती. रक्तदाब जरा कमी आहे, ते म्हणाले, बघा, लिहिण्याचा परिणाम.

सहा वाजले. काल आणि परवा मी तो तास गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत काढला. आज फोन लावला. ताईनं उचलला आणि आम्ही दोघं गप्प. नऊ वर्षं रोज तासभर बोलत आलो, पण काय? मागे बघ, डावीकडे आहे, गोळ्या संपल्या, मेलो. तिची ती अमक्यातमक्याची बडबड मी कधी नीट ऐकली असेल तर शपथ. आता समोर बंदर नाही, शत्रू नाही, तर मला माझ्याच बहिणीशी बोलायला एक वाक्य सापडेना. कानात नुसता तिचा श्वास. वाटलं, आता ही म्हणणार, बरं ठेवते, आणि मग उद्या लावायला मला निमित्त उरणार नाही.

शेवटी तीच म्हणाली, "आज किती बाटल्या काढल्यास?"

"सतरा."

"पहिलीला काय झालं होतं?"

मी म्हटलं, पहिलीत खडा होता, काचेत न वितळलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा, बुडाशी. तिनं विचारलं, तो राहिला तर काय होतं? मी सांगितलं, बाटली गरम-थंड झाली की तिथूनच तडकते. दुसरीची मान तिरकी होती. किती तिरकी? झाकण बसेल पण फिरणार नाही, इतकी. तिसरीच्या पोटात काचेचा धागा होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवा, कोळ्यानं टाकावा तसा. ताई म्हणाली, "थांब, थांब. तो आत तयार कसा होतो?" एकवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि सांगत गेलो, आणि ती मध्ये मध्ये अडवत गेली, तमक्याच्या सुनेवर गेली, परत आली.

बाराव्या बाटलीशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. ताई म्हणाली, उरलेल्या पाच आज सांगू नकोस, उद्यासाठी ठेव.